टीएमटीचा अहवाल स्त्रियांच्या बाबतीत कसा वाचावा?

नमस्कार. जिना चढताना धाप लागते, जबडा किंवा पाठ भरून येते, म्हणून एखाद्या बाईंची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची चाचणी होते, अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येतो आणि घरात लगेच अँजिओप्लास्टीची चर्चा सुरू होते. एवढी घाई करू नये. मात्र बसल्या जागी छातीत दुखत असेल, तर टीएमटीची वाट न पाहता थेट रुग्णालयच गाठावे.

या चाचणीत पट्ट्याचा वेग आणि चढ साधारणपणे दर तीन मिनिटांनी वाढवतात आणि ईसीजीतील एसटी हा भाग खाली जातो का, ते पाहतात. स्त्रियांमध्ये, विशेषतः तरुण वयात, रक्तवाहिनीत अडथळा नसतानाही तो खाली गेल्याचे पुष्कळदा दिसते. मला मात्र उलट शक्यतेची अधिक काळजी वाटते: गुडघेदुखीमुळे लवकर थांबलेल्या बाईंच्या हृदयाची गती वयानुसार अपेक्षित कमाल गतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचलीच नसेल, तर ‘निगेटिव्ह’ या शब्दावर विसंबता येत नाही. म्हणून अहवालात किती मेट्स झाले, म्हणजे विश्रांतीच्या किती पट श्रम शरीराला झेपले, हेही वाचावे. लक्षणे नसलेल्या ५,७२१ अमेरिकी स्त्रियांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पन्नाशीच्या स्त्रीकडून सुमारे ८.२ मेट्स अपेक्षित असतात, आणि वयाच्या मानाने अपेक्षित क्षमतेच्या ८५ टक्केही ज्यांना गाठता आले नाहीत, त्यांच्यात मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट आढळला.

तरीही ज्यांना नीट चालता येते आणि ज्यांचा मूळ ईसीजी ठीक आहे, त्यांच्यासाठी टीएमटी ही चांगली सुरुवात आहे. इतरांना स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेली सोनोग्राफी) किंवा हृदयाच्या स्नायूंना होणारा रक्तपुरवठा दाखवणारा थॅलियमसारखा स्कॅन उपयोगी पडतो. स्कॅनमध्ये मात्र स्तनांच्या सावलीमुळे हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त कमी पोहोचत असल्याचा भास होऊ शकतो, हे वाचणाऱ्या डॉक्टरांनी ध्यानात ठेवावे लागते.

सीटी अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात, पण त्या मोकळ्या असूनही त्रास कायम राहिला, तर ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून त्या बाईंना परत पाठवणे अन्यायाचे आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि तो सीटीत दिसत नाही. त्यासाठी औषधाने रक्तप्रवाह वाढवून हृदयाचा पेट (PET) स्कॅन किंवा एमआरआय करता येतो का, हे हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्टपणे विचारावे.