अण्णा, कुठली बिडी सुटणार नाही?

नमस्कार. आज आई-वडिलांची बिडी-सिगारेट कशी सोडवायची याबद्दल बोलू. सुरुवात माझ्या चुकांपासून करते, कारण त्याच चुका तुमच्या घरात होऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

आमचे अण्णा ट्रकवर ड्रायव्हर होते. रात्रीची गाडी, कसारा घाट, झोप यायला नको म्हणून बिडी. विशीत लागलेली ती सवय, गाडी सोडल्यावरही सुटली नाही. दिवसाला एक बंडल, कधी दीड. पहाटे अंगणातून खोकला ऐकू आला की घरातल्या सगळ्यांना कळायचं, अण्णा उठले.

मी काय केलं? बंडल लपवले, काडेपेट्या लपवल्या. कॅन्सरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. माझ्या मुलाला पढवून पाठवलं, "आजोबा, बिडी ओढू नका." शेवटी माझी शपथ घातली. अण्णा हो म्हणाले, आणि चार दिवसांनी मला गोठ्यामागून धूर दिसला. त्या दिवशी मी त्यांना नको नको ते बोलले. ते एक शब्दही बोलले नाहीत, फक्त बिडी पायाखाली विझवली. सत्तरीला टेकलेला माणूस स्वतःच्या मुलीला भिऊन गोठ्यामागे उभा होता. ते आठवलं की आजही पोटात तुटतं.

बिडी वाईट आहे हे तुमच्या वडिलांना कोणी सांगायची गरज नाही. पाकिटावर ८५ टक्के जागेत तेच छापलेलं असतं, आणि छाती तर त्यांचीच भरून येते. तरी सुटत नाही, कारण झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचतं. चाळीस-पन्नास वर्षं मेंदूला हे दिवसातून वीस-पंचवीस वेळा मिळालंय. रात्रभर झोपेत ते उतरतं, म्हणून उठल्या उठल्या सगळ्यात जोराची तलफ येते. डॉक्टरसुद्धा हेच विचारतात: झोपेतून उठल्यावर पहिली किती वेळात ओढता? अर्ध्या तासाच्या आत ओढत असतील तर शरीर निकोटिनवर चांगलंच अडकलंय असं समजायचं. अशा माणसाला "मनावर घेतलं की सुटतं" असं म्हणणं अन्याय आहे.

मग एके संध्याकाळी अण्णांच्या शेजारी ओट्यावर बसले आणि उपदेश न करता विचारलं, "अण्णा, दिवसभरातली कुठली बिडी तुमच्याच्यानं सुटणार नाही?"

बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सकाळची. ती ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही गं."

कित्येक घरांत हे वाक्य ऐकलं असेल, आणि आपण ते बहाणा म्हणून उडवून लावतो. पण त्यात तथ्य आहे. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, आणि बिडी सोडल्यावर पहिले काही आठवडे बऱ्याच जणांना बद्धकोष्ठ होतो. म्हणजे अण्णा खरं सांगत होते आणि मी इतकी वर्षं ऐकलंच नव्हतं. मग आम्ही आधी पोटाकडे पाहिलं. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, भिजवलेले मनुके, आणि शेताच्या बांधापर्यंत एक फेरी. बिडी अजून चालूच होती. पंधरा दिवसांनी ते स्वतःच म्हणाले, "सकाळची बंद करून बघू का?"

तुमच्या घरी उत्तर वेगळं येईल. कुणाला चहाबरोबरची सुटत नाही, कुणाला जेवणानंतरची, कुणाला पारावर मित्रांसोबतची. जे उत्तर येईल तिथूनच सुरुवात करा.

अण्णांचे आणखी दोन मुद्दे होते. एक, "बिडी पानाची असते, सिगारेटपेक्षा बरी." तेंदूच्या पानातून हवा सहज जात नाही, बिडी सारखी विझते, म्हणून जास्त वेळा आणि जास्त जोरानं ओढावी लागते. आत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असली तरी डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत काही कमी जात नाही.

दुसरा मुद्दा, "आता या वयात सोडून काय उपयोग?" ब्रिटनमध्ये १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद पन्नास वर्षं ठेवली गेली. २००४ साली त्याचा निष्कर्ष आला: साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सरासरी तीन वर्षं जास्त मिळतात, आणि पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा. हे मी अण्णांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण नातवाची दहावी कोणत्या साली ते मोजत होते, मला दिसलं.

आता मदतीचं. (पाकीट कॅमेऱ्यासमोर धरून) हा नंबर बघा, १८००-११-२३५६. सरकारची टोल फ्री सेवा आहे, समुपदेशक बोलतात आणि पुढेही पाठपुरावा करतात. फोन लावून द्या, पण मग खोलीतून बाहेर या. त्यांना जे बोलायचंय ते तुमच्यासमोर नाही बोलणार.

मेडिकलमध्ये निकोटिनचा गम मिळतो. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हा गम नेहमीच्या च्युइंगमसारखा चघळत राहायचा नाही. हळूहळू चावायचा, जिभेला झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की परत चावायचा. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. अण्णांनी आधी चहासोबतच घेतला आणि म्हणाले, याचा काही उपयोग नाही. कवळी असेल तर गमऐवजी त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा. बिडीऐवजी मशेरी किंवा तंबाखूचा विडा मात्र अजिबात नको, तेच विष तोंडातून जातं.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण. माणूस चिडतो, झोप येत नाही, ताटावरून उठून जातो. आईला आधीच सांगून ठेवा, हा राग तिच्यावरचा नाही. तलफ येते ती बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढ्या वेळात गप्पा मारा, बाहेर घेऊन जा, हातात शेंगा सोलायला द्या. खोकला उलट थोडा वाढू शकतो, कारण श्वासनलिका स्वतःला साफ करायला लागलेल्या असतात. त्यानं घाबरू नका. पण थुंकीत रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं किंवा आवाज बसला तो बसलाच, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

आणि एकदा सोडली की संपलं, असं होत नाही. पुन्हा ओढली जाते, बहुतेकांकडून जाते. चार महिने बिडीला हात न लावलेले अण्णा माझ्या चुलतभावाच्या हळदीला गेले, जुने ड्रायव्हर मित्र भेटले. रात्री अकराला त्यांचा फोन आला. मी घाबरून उचलला.

"आज दोन ओढल्या गं," म्हणाले.

मला कळलंच नाही काय बोलावं. गोठ्यामागे लपणारा माणूस आपण होऊन सांगत होता.

मी विचारलं, "आणि उद्या सकाळची?"

"इसबगोल घेऊनच झोपतोय."