अवदात, टाक्यांवर जगलेलं शहर

नमस्कार मंडळी. गडावर चढून गेलं की आपण आधी काय शोधतो, पाण्याचं टाकं. आज मला असल्याच टाक्यांबद्दल बोलायचंय, पण ती आहेत पार तिकडं इस्राएलमध्ये, नेगेवच्या वाळवंटात, आणि खोदली नबाती लोकांनी, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या अरब व्यापाऱ्यांनी.

नबाती म्हटलं की जॉर्डनमधलं त्यांचं शहर पेट्रा आठवतं, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण पेट्राहून गाझा बंदराकडं निघालेले उंटांचे तांडे वाटेत जिथं मुक्काम करायचे ते अवदात फार कुणाला माहीत नसतं. ओबोडस नावाचा त्यांचा राजा, ज्याला मेल्यावर लोकांनी देव मानलं, त्याच्यावरून हे नाव पडलं. माल काय, तर दक्षिण अरबस्तानातला धूप आणि बोळ, म्हणजे आपल्याकडं बाळंतिणीला देतात तो हिराबोळच, आणि रोमन लोक यासाठी वाट्टेल तेवढा पैसा मोजायचे.

डिओडोरस नावाचा ग्रीक इतिहासकार शहरं वसायच्या आधीच्या नबाती लोकांबद्दल लिहितो की हे लोक घर बांधत नाहीत, धान्य पेरत नाहीत, दारू पीत नाहीत, आणि हे मोडलं तर थेट मृत्युदंड. जमिनीत टाकी खोदतात, तोंड अगदी लहान आणि आत खोल जाईल तशी रुंद, पावसानं भरली की तोंड बुजवून टाकायचं आणि खूण फक्त आपल्यालाच माहीत ठेवायची. शत्रू मागं लागला की हे वाळवंटात पसार, तो तहानेनं हैराण! मला तर हे वाचताना अंगावर काटाच आला.

पुढं 106 साली रोमन सम्राट ट्राजननं त्यांचं राज्य घेतलं, पण शहर राहिलं, आणि गंमत बघा, ज्यांच्या पूर्वजांना दारू वर्ज्य होती त्यांच्याच अवदातमध्ये पुढं बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातले, दारूसाठी द्राक्षं तुडवायचे पाच घाणे सापडलेत.

पाऊस वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटरच्या आसपास, मग द्राक्षं कशी आली? तर तिथली माती पिठासारखी बारीक, पहिल्या सरीलाच वर पापुद्रा धरते आणि पाणी मुरायच्या ऐवजी वाहतं, ते उतारावरून पाटानं ओढ्याकाठच्या बांधाबांधाच्या शेतात आणायचं, म्हणजे मोठ्या डोंगराचा पाऊस एवढ्याशा शेताला.

सातव्या शतकाच्या सुरुवातीला भूकंपात शहर पडलं. पण 1959 च्या सुमारास मायकेल एव्हेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथलं जुनं शेत, तेच बांध दुरुस्त करून पुन्हा उभं केलं, बदाम लावले, पिस्ते लावले, आणि नुसत्या वाहून आलेल्या पावसाच्या पाण्यावर ती झाडं फळली.