पाटीच्या पलीकडचे प्राणिसंग्रहालय

नमस्कार. मोठ्या शहरातील प्राणिसंग्रहालयात गेल्यावर आपण वाघापुढे, हत्तीपुढे गर्दी करतो आणि पिंजऱ्यावरची पाटी न वाचताच पुढे सरकतो. आज मी त्या पाटीवर न मावणाऱ्या कामाविषयी, म्हणजे नामशेष होऊ घातलेल्या जाती वाचवण्याविषयी बोलणार आहे.

कॅलिफोर्निया कॉन्डॉर हा गिधाडासारखा प्रचंड पक्षी आहे. पंख पसरले की ते सुमारे ३ मीटर भरतात. १९८२ मध्ये जगात असे अवघे २२ पक्षी उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडण्यात आला, तेव्हा ही संपूर्ण जात लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो येथील प्राणिसंग्रहालयांत ठेवलेल्या २७ पक्ष्यांपुरतीच राहिली. या निर्णयाला तेव्हा कडाडून विरोध झाला. विरोधकांची कळकळ खरी होती, तरीही दुसरा मार्ग उरला नव्हता, असे माझे मत आहे.

कॉन्डॉरची मादी एका वेळी एकच अंडे घालते. मात्र ते काढून घेतले तर ती बहुधा दुसरे घालते, हे हेरून पहिली अंडी उबवणी यंत्रात उबवण्यात आली. पिल्लाला माणसाचा लळा लागू नये म्हणून सेवक आडोशाला राहत आणि प्रौढ कॉन्डॉरच्या डोक्यासारखी बाहुली हातावर चढवून, तिच्या वाकड्या चोचीने मांसाचे तुकडे भरवत. अंगावर नुसती लव असलेल्या त्या पिल्लाच्या लेखी ती चोच म्हणजेच आई होती. १९९२ पासून हे पक्षी पुन्हा रानात सोडले जाऊ लागले. आज त्यांची एकूण संख्या ५०० च्या वर असून निम्म्याहून अधिक पक्षी मोकळे आहेत. त्यांच्या जिवाला असलेला धोका मात्र टळलेला नाही, कारण शिकाऱ्यांच्या गोळ्यांतील शिसे मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जाते. त्यामुळे त्यांना अधूनमधून पकडून रक्त तपासावे लागते.

दुसरे काम कागदावरचे, पण तितकेच मोलाचे आहे. मंगोलियातील प्रझेवाल्स्की घोडा ही रानटी घोड्याची जात रानातून नाहीशी झाली होती. आज जिवंत असलेले हे सारे घोडे मूठभर पूर्वजांपासून आलेले असल्याने, जवळच्या नात्यात जोड्या जुळू नयेत म्हणून प्राग प्राणिसंग्रहालय १९५९ पासून या घोड्यांची जागतिक वंशावळ ठेवते.

प्रत्येक प्राणिसंग्रहालय असे काम करतेच असे नाही. म्हणून पुढच्या भेटीत तेथील सेवकाला आवर्जून विचारा, की हा प्राणी येथे कोठून आला आणि त्याचे पिल्लू कोठे जाणार आहे.