वॉर्सोकर, बर्लिनकर, पेणकर

फुकट म्हटलं की गर्दी होते, हा आपला समज. तो मोडताना मी अमेरिकेत बघितला. मिडवेस्टमधली एक मोठी सरकारी युनिव्हर्सिटी, जानेवारी, बाहेर घोटाभर बर्फ, आणि स्टुडंट युनियनच्या दारात एका टेबलामागे मी उभा. टेबलावर पिझ्झाचे बॉक्स, टी-शर्टांचा ढीग, आणि मागे बॅनर, दहा दिवस इस्रायल, विमानासकट फुकट. पोरं यायची, पिझ्झा घ्यायची, टी-शर्ट मीडियममध्ये आहे का विचारायची, ईमेल लिहून द्यायची आणि जायची. दिवसाला साठसत्तर ईमेल जमायचे नि त्यातले फॉर्म शेवटपर्यंत भरणारे चार किंवा पाच. मी वैतागून घरी जायचो.

आता तुम्ही म्हणाल अलिबागचा माणूस, ज्यू नाही काही नाही, तिकडे हे करत काय होता. तर मी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात नोकरीला होतो आणि आमच्या कॅम्पसवर हिलेल होतं, म्हणजे ज्यू विद्यार्थ्यांचं केंद्र, १९२३ साली इलिनॉयला पहिलं सुरू झालं आणि आता अमेरिकेत शेकडो कॉलेजांत आहे. त्यांच्याकडे माणसं कमी होती म्हणून मला मदतीला दिलं. पहिल्या भेटीत मी सहज बोलून गेलो की मी इस्रायल आळीच्या मागच्या रस्त्यावर वाढलो आणि आमच्याकडे तेलाचा घाणा चालवणाऱ्या ज्यूंना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवायचे. समोरची बाई माझ्याकडे बघतच राहिली, झालं, तेव्हापासून मी त्यांचा. (अलिबागसे आया है क्या, हे तिथे कुणी म्हणणार नव्हतं हाही एक फायदाच.)

आधी त्या फुकट ट्रिपबद्दल थोडं, कारण ती कल्पना मोठी धाडसी आहे. बर्थराइट इस्रायल नाव, हिब्रूत तगलीत, म्हणजे शोध. १९९० मध्ये अमेरिकेतल्या ज्यूंचा एक सर्व्हे झाला आणि त्यात दिसलं की अलीकडची जवळजवळ निम्मी लग्नं समाजाबाहेर होतायत, तेव्हा वडीलधाऱ्यांचं धाबं दणाणलं. योसी बेलिन नावाच्या इस्रायली राजकारण्यानं कल्पना मांडली की प्रत्येक ज्यू तरुणाला इस्रायलची एक ट्रिप भेट द्यायची, आणि चार्ल्स ब्रॉन्फमन नि मायकल स्टाइनहार्ट या दोन श्रीमंतांनी ती उचलून धरली, पैसे काही देणगीदारांचे, काही इस्रायल सरकारचे, काही ठिकठिकाणच्या ज्यू संघटनांचे. १९९९ च्या डिसेंबरात पहिले गट गेले. वय १८ ते २६, आईवडलांपैकी एक तरी ज्यू हवा किंवा स्वतः धर्म स्वीकारलेला हवा, २५० डॉलर डिपॉझिट जे परत आल्यावर परत. एका बसमध्ये साधारण चाळीस जण, आणि मधले काही दिवस त्यांच्याच वयाची इस्रायली मुलंमुली, बरीचशी लष्करातली, त्याच बसमध्ये बसतात, त्याच हॉटेलात राहतात. आत्तापर्यंत आठ लाखांहून जास्त पोरं जाऊन आली. परत आलेल्यांना विचारलं काय आवडलं तर मसाडाचा किल्ला क्वचित कुणी सांगतं, रात्री दोन वाजता हॉटेलच्या जिन्यात बसून त्या इस्रायली पोराशी काय बोलणं झालं ते सांगतात.

मग एवढं सगळं असून माझ्या टेबलावरची पोरं फॉर्म का भरत नव्हती? मला वाटायचं परीक्षा असेल, इंटर्नशिप असेल, आईवडील नाही म्हणत असतील, आणि ते असायचंच. पण एकेकाला कॉफीला नेऊन बसवलं की अर्ध्या तासानं खरं बाहेर यायचं, आणि ते दरवेळी थोड्याफार फरकानं एकच. "मी तेवढा ज्यू नाहीये." कुणाची फक्त आईच ज्यू, कुणाचे फक्त वडील, कुणाचं बार मिट्झवा, म्हणजे वयात येतानाचा मुंजीसारखा विधी, झालेलं नाही, कुणाला हिब्रूतलं एक अक्षर येत नाही, कुणाच्या घरी ख्रिसमसचं झाड लागतं. त्यांना वाटायचं की बसमध्ये बसल्यावर कोणीतरी प्रश्न विचारणार आणि आपण पकडले जाणार. आणि आमचा फॉर्म बघा, पहिल्याच पानावर प्रश्न, तुमची ज्यू पार्श्वभूमी सांगा, घरी कोणते सण करता, सिनेगॉगचे, म्हणजे ज्यू प्रार्थनाघराचे, सभासद आहात का! नियम म्हणून विचारावं लागतं हे मला कळतं, पण बिचकलेल्या पोराला ती परीक्षाच वाटते.

आपल्याकडे लग्नाची पत्रिका पोस्टानं आली, आता व्हॉट्सॅपवर येते, की आपण म्हणतो बघू जमलं तर. आणि कोणी घरी येऊन अक्षत दिली, बसलं, चहा घेतला, म्हणालं की काकू तुम्ही आल्याशिवाय व्हायचं नाही, की मग जावंच लागतं. माझा बॅनर म्हणजे पोस्टानं आलेली पत्रिका होती. अक्षत द्यायला कोणी जातच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी पिझ्झा बंद केला. केंद्राला वाटलं याचं डोकं फिरलं. त्याऐवजी आधीच्या वर्षी जाऊन आलेली बारा पोरं घेतली, सगळी सिनेगॉगात जाणारी नव्हेत हे मुद्दाम बघून, एक रोइंग टीममधला, एक नाटकवाली, एक कॉम्प्युटर लॅबमधून बाहेरच न येणारा, आणि त्यांना सांगितलं की इस्रायलचं काही बोलू नका, धर्माचं तर नाहीच, फक्त आपापल्या ओळखीतल्या दहा जणांबरोबर एकेकट्यानं कॉफी प्या, कॉफीचे पैसे माझ्याकडून. त्या वर्षी आमची बस भरली आणि वर वेटिंग लिस्ट लागली. यात माझी काही अक्कल नाही, हिलेलच्या कॅम्पसवरच्या कामात हा एकेका मुलाशी नातं जोडायचा मार्ग बराच आधीपासून वापरतात, मला तो अक्षतेच्या निमित्तानं कळला एवढंच.

मी स्वतः कॉफीला बसलो की आडनाव विचारायचो. आता हसू नका, आपल्याकडे आडनाव विचारण्यामागे काय असतं ते आपल्या सगळ्यांना माहितीये, पूर्ण नाव काय म्हणत म्हणत माणूस कुठल्या खणात बसतो ते बघायचं असतं. तिथे मला ते करायचं नव्हतं, पण अलिबागच्या माणसाला आडनावात गाव दिसतंच. एक मुलगा म्हणाला, वर्शावस्की. मी म्हटलं अरे म्हणजे वॉर्सोकर! त्याला कळेना. मी त्याला कागदावर लिहून दाखवलं, आमच्याकडे गावाच्या नावाला कर लावतात, पेणचा पेणकर, रोह्याचा रोहेकर, आणि आमच्या गावच्या ज्यूंची आडनावंसुद्धा अशीच आहेत, दिवेकर, किहीमकर, झिराडकर. तुमच्यात स्की लावतात किंवा अर लावतात. मग खेळच झाला, बर्लिनर म्हणजे बर्लिनकर, क्राकाउअर म्हणजे क्राकूवकर. त्या पोरानं तिथल्या तिथे आजीला फोन लावला. आणि अर्ध्या तासानं मला म्हणाला, मग मला जेरुसलेमला कशाला पाठवताय, माझं गाव तर पोलंडमध्ये आहे.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हेरिटेज ट्रिप म्हणजे नक्की कुणाच्या वारशाची, हा प्रश्न या सगळ्या धंद्यात सोयीनं बाजूला ठेवलेला असतो. पोलंडला नेणारे कार्यक्रम आहेत, मार्च ऑफ द लिव्हिंग १९८८ पासून चालतो, नाझींच्या ऑश्विट्झ छळछावणीपासून बिर्केनाऊपर्यंत तीनेक किलोमीटर चालत जातात. पण तिथे सगळा वारसा मरणाचा. पणजी बाजारात काय विकायची, कुठल्या गल्लीत राहायची, हे विचारणाऱ्या पोराला छळछावणी दाखवून परत पाठवणं मला तरी अपुरं वाटतं.

राजकारणाचंही सांगतो, टाळत नाही. पॅलेस्टिनी लोकांबद्दल प्रश्न असणारी पोरं दरवर्षी वाढत गेली. २०१८ च्या उन्हाळ्यात काही जण ट्रिप अर्ध्यात सोडून बसमधून उतरले आणि ते सगळं फोनवर लाइव्ह दाखवलं. मला वरून सूचना आली की असे प्रश्न विचारणाऱ्यांना फार वेळ देऊ नका. मी उलट केलं, त्यांनाच आधी वेळ दिला, कारण जो भांडतो त्याला काहीतरी पडलेली असते. त्यातली काही आली नाहीत, नाही आली तर नाही आली. पण नकाशा लपवून नेलेलं पोर परत आल्यावर तुमच्या केंद्राची पायरी चढत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात हमासनं हल्ला केला, त्यानंतर तर ट्रिपाच थांबल्या, मग स्वयंसेवक म्हणून जायचे गट निघाले, २०२५ च्या जूनमध्ये इराणशी लढाई पेटली तेव्हा अडकलेल्या शेकडो पोरांना बोटीनं सायप्रसला काढावं लागलं. आता भरती करणाऱ्याला पोराआधी आईशी बोलावं लागतं.

"मी तेवढा ज्यू नाहीये" यावर मी पोरांना जी गोष्ट सांगायचो ती आपल्या इथली आहे. बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, त्यांच्या समाजात परंपरेनं सांगतात की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. पुस्तकं बुडाली, हिब्रू गेली, राहिलं ते शनिवार, सुंता, शेमाची, म्हणजे देव एकच असं म्हणणारी, प्रार्थना आणि काही खाण्याचे नियम. मग कितीतरी शतकांनी दाविद रहाबी नावाचा एक परदेशी ज्यू आला आणि यांना पारखायला त्यानं बायकांना मासे आणून दिले, सगळे एकत्र. बायकांनी खवल्यांचे मासे ठेवले आणि बिनखवल्यांचे बाजूला काढले, कारण ज्यू धर्मात कोलंबी, खेकडा, शिंगाळा चालत नाही. रहाबी म्हणाला, हे माझेच. आख्यायिका आहे, पण परीक्षा घ्यायचीच तर अशी घ्या ना, स्वयंपाकघरात, जिथे पास व्हायचं असतं त्या माणसाला कळतही नाही की आपली परीक्षा चाललीय!

याच्या उलटं १९६२ साली झालं. इथून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलना लग्न करायचं तर आधी आईकडच्या आजीपणजीपर्यंत चौकशी होईल, असं तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयानं काढलं. दिमोनात, अश्दोदमध्ये कष्टाची कामं करणारी माणसं, मराठी बोलणारी, त्यांना सांगायचं की तुम्ही ज्यू आहात का ते तपासू. १९६४ मध्ये ही माणसं जेरुसलेमला आंदोलनाला बसली, तेव्हा कुठे सरकारनं जाहीर केलं की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू. हे ऐकलं की माझ्यासमोरचं अर्ध ज्यू म्हणवणारं पोर जरा सैल व्हायचं. तुला तेवढा नाहीस म्हणणारा तूच आहेस, यांना तर ऑफिसनं लिहून दिलं होतं.

आता इथलं. सहा वर्षांपूर्वी मी परत आलो आणि हिवाळ्यात छोटे गट आणतो, दहाबारा जणांचे. उन्हाळ्यात तिकडे मोठी सुट्टी असते पण तेव्हा आपल्याकडे पाऊस, जून ते ऑगस्ट गेटवे-मांडवा लाँच बंद, म्हणून मी फक्त डिसेंबरचा शेवट नि जानेवारीची सुरुवात घेतो. मुंबईत मस्जिद बंदरजवळचं शाअर हारहामीम दाखवतो, सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेलं पहिलं सिनेगॉग, ज्याला लोक मशीदच म्हणायचे आणि स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं समाजात सांगतात. २६/११ नंतर सगळीकडे पोलीस, पासपोर्टच्या कॉपी आधी द्याव्या लागतात, हे पोरांना आधी सांगावं लागतं नाहीतर दारातच मूड जातो. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, तेव्हा गाडी नाही, म्हणून शुक्रवारी दुपारी अलिबागला पोचलोच पाहिजे, आणि वडखळचा ट्रॅफिक काही शब्बाथ मानत नाही.

गंमत बघा, लष्करातून सुटलेली हजारो इस्रायली पोरं गोव्यात हरमलला पडलेली असतात, आणि नवगावचा स्मारकाचा खांब त्यांनी बघितलेला नसतो. त्यातली काही तर आपल्याच लोकांची नातवंडं. मागे एका खेपेला अमेरिकेत वाढलेली एक मुलगी होती, आडनाव पेणकर, घरी मराठीतले फक्त दोन शब्द उरलेले, पुरे आणि बस. तिला मी काही बोललो नव्हतो. हायवेवर पेणची पाटी आली, देवनागरी आणि इंग्रजी, तर ती उठून उभी राहिली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "बस! बस!" ड्रायव्हर म्हणाला मॅडम बसा तुम्हीच. थांबवली गाडी. पाटीचा फोटो काढला, मग रस्त्याकडेच्या दुकानातून पापडाची चार पाकिटं घेतली, वडलांना पाठवायला. तिची एक मैत्रीण, घराणं वॉर्सोकडचं, पुढच्या डिसेंबरात स्वतःच्या पोलंडच्या गावी जाऊन आली, एकटी, कुठल्या ट्रिपबिपशिवाय, आणि मला तिथल्या गावच्या पाटीचा फोटो पाठवला.

तर आता यंदाचा गट अकरा जणांचा आहे. आळीतली घरं थोडी उरलीत, मगेन आबोथ या आपल्या अलिबागच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवतानासुद्धा ओढाताण होते, सगळं त्यांच्यावर टाकता येत नाही. मलिद्याला, म्हणजे बेने इस्रायलांच्या नैवेद्याला, पोहे, खोबरं, साखर, फळं लागतात, त्याची सोय झालीय. बाकी जेवण त्यांना कुणाच्याही घरचं चालेल असं नाही, पण शहाळं चालतं, न कापलेली केळी-चिकू चालतात, म्हणजे तुम्ही घरी बोलावू शकता. आणि एक माणूस हवाय, ज्यानं लहानपणी चालू घाणा बघितलाय. बैल कुठल्या बाजूनं फिरायचा ते एका मुलीनं मागच्या वर्षी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. कुणाच्या आजोबांना आठवत असेल तर चहाच्या वेळी मला भेटा.