होम प्लेटवरची धडक आणि कंट्रोलरवरचं बटण

(सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत एका फिजिओथेरपिस्टने बेसबॉलमधली धडक आणि व्हिडिओ गेम ह्या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, २५ मे २०११ची रात्र. तुमच्यापैकी जे तेव्हा इथे राहत होते, त्यांतल्या काहींनी तो सामना पाहिलाही असेल. आपले जायंट्स आणि फ्लोरिडा मार्लिन्स. बारावी इनिंग, दोघांच्या सहा-सहा धावा. तिसऱ्या बेसवर मार्लिन्सचा स्कॉट कझिन्स. फलंदाजाने उजव्या बाजूला उंच चेंडू मारला, नेट शिअरहोल्ट्झने तो झेलला आणि त्याच क्षणी कझिन्स होम प्लेटकडे, म्हणजे जिथे पोचलं की धाव मिळते त्या पांढऱ्या रबरी पाटीकडे, सुटला. तिथे उभा होता बस्टर पोझी. वय २४, आदल्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवखा खेळाडू, विश्वविजेत्या संघाचा कॅचर, म्हणजे प्लेटपाशी राहून चेंडू झेलणारा आणि येणाऱ्या धावणाऱ्याला चेंडू लावून बाद करणारा. चेंडू आला, पण त्याच्या हातात ठरला नाही. कझिन्स प्लेटकडे न घसरता खांदा घालून थेट पोझीच्या अंगावर गेला. पोझीच्या डाव्या पायाचं नडगीशेजारचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले. तो मातीत तळमळत होता आणि फलकावर मार्लिन्सची सातवी धाव लागत होती. मार्लिन्स ७-६ने जिंकले. पोझीचा तो मोसम तिथेच संपला.

कझिन्सला शिक्षा झाली नाही, कारण तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. लोकांनी मात्र त्याला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. हे मी मुद्दाम सांगते आहे. नियम गप्प राहिला की त्याची किंमत पडलेला माणूस मोजतो, तशीच पाडणाराही मोजतो.

मी रोज लोकांचे गुडघे आणि घोटे हाताळते. त्यामुळे त्या क्षणी कॅचरचं शरीर कुठे आणि कसं असतं, ते मला तुम्हाला दाखवायचं आहे. (इथे वक्त्या मंचावर एक गुडघा टेकून बसल्या.) हे बघा. माझ्यासमोर मैदान आहे. चेंडू येणार उजवीकडून, म्हणून मान आणि धड उजवीकडे वळलेलं. धावणारा येणार डावीकडून, तिसऱ्या बेसवरून. म्हणजे ज्या बाजूने तो येतोय, तिकडे माझं लक्षच नाही. गुडघा जमिनीला टेकलेला, पाऊल बाहेर वळून मातीत रुतलेलं. त्याच्याकडे नव्वद फुटांची धाव आहे, पूर्ण वेगाची. उभ्या माणसाला धक्का बसला तर तो मागे जातो, पाऊल उचलतो, पडताना वळतो. असा बसलेला माणूस कुठे जाणार? धक्क्याचा सगळा जोर त्या रुतलेल्या घोट्यात उतरतो. तोंडावर मुखवटा, छातीवर कवच, नडग्यांवर पॅड, हे सगळं समोरून येणाऱ्या चेंडूसाठी आहे. बाजूने पिळल्या जाणाऱ्या सांध्याला त्याचा काही उपयोग नाही.

पोझीचं नशीब चांगलं. २०१२मध्ये तो परतला, .३३६च्या सरासरीने लीगचा अव्वल फलंदाज ठरला, सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि जायंट्सनी पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकली. रे फॉसीला ते नशीब मिळालं नाही.

फॉसीचा आवाज तुमच्यातल्या ऑकलंडच्या चाहत्यांना ओळखीचा असेल. कित्येक वर्षं ते ए'ज ह्या ऑकलंडच्या संघाच्या सामन्यांचं समालोचन करत होते, २०२१मध्ये गेले. १९७०च्या जुलैत ते २३ वर्षांचे होते, क्लीव्हलंडचे कॅचर. सिनसिनाटीला ऑल-स्टार सामना होता, म्हणजे ज्यातून गुणतक्त्यात एक आकडाही बदलत नाही असा सामना. तिथेही बारावीच इनिंग. पीट रोझ तिसरा बेस ओलांडून आला आणि त्याने फॉसींना उडवून विजयी धाव घेतली. त्या वेळच्या क्ष-किरण तपासणीत मोडलेलं हाड दिसलंच नाही, म्हणून फॉसी तसेच खेळत राहिले. पुढच्या वर्षी कळलं की खांदा मोडला होता आणि चुकीच्या पद्धतीने जुळला होता. त्या मोसमात ऑल-स्टार सामन्याआधी त्यांचे १६ होम रन होते, नंतरच्या उरलेल्या मोसमात फक्त २. मला ते दोन आकडे वाचताना त्यांचा खांदा दिसतो. जुळलेलं हाड बॅट फिरवू देतं, पण पूर्वीसारखी फिरवू देत नाही. आणि त्या धडकेची चित्रफीत पुढची पन्नास वर्षं जिद्दीचा नमुना म्हणून दाखवली गेली.

नियम आला तो २०१४मध्ये. २४ फेब्रुवारीला मेजर लीग, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलची सर्वांत वरची लीग, आणि खेळाडूंची संघटना यांनी तो मिळून जाहीर केला, आधी एका मोसमापुरता प्रयोग म्हणून. तेव्हा क्रमांक होता ७.१३. लोक त्याला 'पोझी नियम' म्हणतात. त्यात दोन बाजू आहेत. धावणाऱ्याने कॅचरला धडकण्यासाठी आपली सरळ वाट सोडायची नाही. आणि हातात चेंडू नसताना कॅचरने त्याची वाट अडवायची नाही.

आता ह्यातली दुसरी बाजू नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. ती नवी नव्हतीच! चेंडू हातात नसताना धावणाऱ्याची वाट अडवण्याचा कॅचरला अधिकार नाही, हे नियमपुस्तकात आधीपासून छापलेलं होतं. अंपायर ते लावत नव्हते, एवढंच. कॅचर बिनधास्त वाटेत बसायचा, मग धावणारा म्हणायचा की वाट अडवली आहे तर मी फोडणार. दोघंही एकमेकांच्या चुकीवर बोट ठेवून आपली चूक करत होते आणि ह्या सवयीला लोक परंपरा म्हणू लागले. इथल्या मुलांच्या लिटल लीगमध्ये तर फार आधीपासून नियम आहे की क्षेत्ररक्षक चेंडू घेऊन समोर उभा असेल तर घसर, नाहीतर वळसा घाल. म्हणजे लहानपणी ज्या मुलाला धडक देऊ नकोस असं शिकवलं, त्याच मुलाला मोठेपणी पगार देऊन धडक द्यायला लावायचं. मला हे कधी पटलं नाही.

विरोध झालाच. पीट रोझ तेव्हा म्हणाले, हे नियम करणाऱ्यांनी कधी बेसबॉल खेळलेला दिसत नाही. मला त्यांच्या खेळाबद्दल आदर आहे, पण हे विधान खरं नाही. लीगच्या बाजूने ह्या विषयात पुढे असलेले जो टोरी स्वतः कॅचर होते. पोझीचे प्रशिक्षक ब्रूस बोची कॅचर होते. धडकेवर बंदी हवी असं उघडपणे म्हणणारे सेंट लुईसचे माइक मॅथेनीही कॅचर होते, आणि डोक्याला पुन्हा पुन्हा बसलेल्या माराने त्यांना खेळ सोडावा लागला होता. ज्यांनी तो मार अंगावर घेतला तेच बोलत होते.

नियम पहिल्या दिवसापासून सुरळीत चालला असंही नाही. ३१ जुलै २०१४ला मायामीत सिनसिनाटीचा झॅक कोझार्ट प्लेटपासून बराच लांब असताना बाद झाला होता. सहा मिनिटांहून जास्त वेळ चित्रफीत तपासून त्याला नाबाद दिलं, कारण कॅचर चेंडू येण्याआधी वाटेत उभा होता. मायामीचा संघ सामना हरला. सप्टेंबरमध्ये लीगला खुलासा पाठवावा लागला, की धावणारा एरवीही स्पष्ट बाद होता तर केवळ पायाच्या जागेवरून त्याला नाबाद देऊ नका. मला वाटतं, हे बरंच झालं. नियम असेच घासून घासून बसतात.

आता व्हिडिओ गेमकडे येते. तुम्ही म्हणाल, हाडांची बाई गेमवर काय बोलणार? पण माझ्याकडे येणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना प्लेटवर काय करायचं हे आधी कोण शिकवतं, ते मी रोज ऐकते. प्रशिक्षक आठवड्यातून दोनदा भेटतो, कंट्रोलर रोज हातात असतो.

जुन्या खेळांत मारामारी हीच गंमत होती. २००२मध्ये मिडवेने 'एमएलबी स्लगफेस्ट' काढला, त्यात धावता धावता बेसवरच्या खेळाडूला ठोसा मारून त्याच्या हातातला चेंडू पाडता यायचा. अमेरिकन फुटबॉलच्या मॅडन मालिकेच्या सुरुवातीच्या एका खेळात कोणी जखमी झालं की रुग्णवाहिका भरधाव यायची आणि वाटेत उभ्या खेळाडूंना उडवत जायची. पोरं हसून लोळायची. त्याच मालिकेच्या २०११मध्ये आलेल्या 'मॅडन एनएफएल १२'मध्ये डोक्याला मार बसलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही, आणि का, ते समालोचक सांगतात. वीस वर्षांत रुग्णवाहिकेचा विनोद इथवर आला. 'एनएफएल ब्लिट्झ' हा खेळ २०१२मध्ये नव्याने आला, तेव्हा शिट्टी झाल्यावर पडलेल्या माणसावर उडी मारण्याची जुनी मुभा काढून टाकलेली होती.

बेसबॉलच्या गेममधली धडक मी प्रथम एका स्नेह्यांकडे पाहिली. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या मित्राने त्याला दाखवलं, हे बटण दाबलं की घसरतो आणि हे दाबलं की उडवतो. मुलाने दुसरं दाबलं. पडद्यावरचा धावणारा खांदा खाली करून घुसला, कॅचर उलटापालटा झाला, मुखवटा उडाला, चेंडू घरंगळत गेला. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. पुढच्याच क्षणी तो कॅचर उठला, मुखवटा लावला आणि पुढचा चेंडू घ्यायला बसला. माझ्या हातात चहाचा कप होता, तो तसाच राहिला. त्याच आठवड्यात मी एका मुलाच्या घोट्याचं प्लास्टर निघाल्यानंतरचे व्यायाम सुरू केले होते. पाऊल जमिनीवर टेकवायलाच त्याला अकरा दिवस लागले. मोडणं पडद्यावर होतं आणि बरं होण्याचे महिने पडद्याबाहेर राहतात, ही माझी खरी तक्रार आहे.

नियमाचे शब्द त्या बटणाशेजारी ठेवून बघा. धडक मुद्दाम दिली का, हे अंपायरने कशावरून ठरवायचं? नियम सांगतो: प्लेटला स्पर्श करायचा प्रयत्नच केला नाही का, खांदा खाली केला का, हात-कोपर वापरून ढकललं का, ते पाहा. म्हणजे अंपायर शरीरावरून मनातलं ओळखायचा प्रयत्न करतो. ते अवघड आहे. ७ जुलै २०१९ला ह्यूस्टनच्या जेक मॅरिसनिकने एंजल्सच्या जोनाथन लुक्रॉयला धडक दिली. लुक्रॉयचं नाक मोडलं, डोक्याला मार बसला. मॅरिसनिकवर दोन सामन्यांची बंदी आली. टोरींनी तेव्हा स्पष्ट केलं, की त्याचा इजा करण्याचा हेतू होता असं मी मानत नाही, पण धडकेची सुरुवात त्याने केली. वेगात एक पाऊल इकडचं तिकडे पडतं आणि माणूस भलत्याच वाटेवर असतो.

गेममध्ये मात्र ही अडचणच नाही. तिथे हेतू म्हणजेच बटण. अंगठ्याने ते दाबलं म्हणजे मुद्दाम दिली, संशयाला जागाच नाही. म्हणून गेम बनवणाऱ्याला पळवाट नसते. अंपायर पन्नास वर्षं डोळेझाक करू शकला, पण संगणकाला कोणीतरी लिहून द्यावंच लागतं की खांदा घातला तर काय होईल. धाव मिळेल, की बाद? ते बटण देऊन धाव मिळवून देणं म्हणजे नियमपुस्तकातलं ते वाक्य खोडणंच आहे. गेममधून रांगडेपणा काढला तर खेळ बेचव होतो, असं मला दोन-तीन वडिलांनी सांगितलं. मी त्यांना म्हटलं, घसरताना पाहा ना! कॅचरचा हात खाली येतोय, धावणारा अंग बाहेर फेकतो, पाय लांब जातो आणि मागे राहिलेला हात सतरा इंचांच्या त्या पांढऱ्या रबराची कड बोटांनी चाटून जातो. ह्यात कमी काय आहे? उलट हे दाखवायला चित्रकाराचा आणि संगणकाचा जास्त कस लागतो. आडदांड धडक कुणालाही काढता येईल.

माझा मुलगा आता चौदाचा आहे आणि हट्टाने कॅचरच झाला. गेल्या शनिवारी सरावाला त्याच्या प्रशिक्षिकेने मातीत बुटाच्या टाचेने एक रेघ ओढली, तिसऱ्या बेसपासून प्लेटच्या कडेपर्यंत. म्हणाली, डावं पाऊल रेघेच्या आत, मैदानाच्या बाजूला. चेंडू हातात येईपर्यंत ही रेघ तुझी नाही. मग तिने वीस वेळा उजवीकडून चेंडू फेकला आणि वीस वेळा त्याच्या पावलाकडे बघितलं, चेंडूकडे नाही. अकराव्या फेकीला पाऊल रेघेवर आलं. तिने खेळ थांबवला, गुडघ्यावर बसली, त्याचा बूट दोन्ही हातांनी धरला आणि चार इंच आत सरकवून ठेवला.

आता तुमचे प्रश्न घेते. मुलांना इथे पुढे येऊ द्या.