आर्चेस: कुठली वाट, कुठल्या वेळी

(दृश्य: सकाळ. हायवे १९१. पार्कच्या फाटकाशी गाड्यांची रांग.)

अमेरिकेतलं युटा राज्य, मोआब गाव. गावाच्या उत्तरेला ८ किलोमीटरवर आर्चेस नॅशनल पार्कचं हे फाटक. मे महिन्यातल्या शनिवारी उन्हं वर आल्यावर इथे पोहोचलात, तर सुरुवातीला बराच वेळ पुढच्या गाडीचे लाल दिवेच पाहावे लागतात. २०२२ पासून काही हंगामांत इथे वेळ ठरवून आरक्षण घ्यावं लागत होतं. हा नियम वर्षागणिक बदलत आलाय, म्हणून निघण्यापूर्वी पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाका. तरी खरा उपाय जुनाच आहे: उजाडायच्या आत फाटक ओलांडायचं.

(दृश्य: वळणावळणाचा चढ. वर पोहोचताच लाल भिंतींचा पहिला देखावा.)

आर्चेस नॅशनल पार्क. साधारण ३१० चौरस किलोमीटरचा लाल वाळूखडकाचा प्रदेश आणि त्यात नोंदलेल्या दोन हजारांहून जास्त नैसर्गिक कमानी. कमान कशाला म्हणायचं याचा नियम सोपा आहे. खडकात आरपार भोक हवं आणि ते कुठल्या तरी एका बाजूने निदान तीन फूट भरायला हवं. म्हणजे या दोन हजारांत गुडघ्याएवढी भोकंही आली. सगळ्या कमानी बघायच्या असं ठरवून कुणी येत नाही, येऊही नये.

रतनगडाच्या नेढ्यात बसून वारा खाल्लेल्या माणसाला आरपार कातळाचं तसं अप्रूप नसतं. तो इथे गांगरतो तो दुसऱ्याच गोष्टीने. गडावर निदान एखादं खोदीव टाकं सापडतं, पायथ्याच्या वाडीत कुणीतरी पाणी विचारतं. इथे पिण्याचं पाणी मिळतं ते फाटकाजवळच्या व्हिजिटर सेंटरला आणि रस्त्याच्या पार शेवटी, २९ किलोमीटरवरच्या डेव्हिल्स गार्डनला. अधेमधे कुठेही नाही. वर्षाचा पाऊस २०० ते २५० मिलिमीटर, मुंबईत जुलैच्या एका जोरदार दिवसात तेवढा पडून जातो. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर चढतो. माणशी दिवसाला चार लिटर पाणी हा इथला हिशेब आहे, आणि तो पाठीवरच न्यावा लागतो.

ट्रेलच्या सुरुवातीला पाटी असते. अंतर किती, चढ किती, अवघड की सोपं, हे सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं. सावली कुठे आहे आणि किती वाजेपर्यंत राहते, ते मात्र लिहिलेलं नसतं. आमच्या मते इथली वाट आधी त्यावरून निवडावी, अंतर आणि प्रसिद्धी नंतर बघावी. आणि सावली कुठे असेल याचा अंदाज हवा असेल, तर हा खडक असा का उभा आहे ते थोडं समजून घ्यावं लागतं.

(दृश्य: ड्रोनमधून समांतर उभ्या भिंतींच्या रांगा.)

सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो पुन्हा पुन्हा भरला, पुन्हा पुन्हा आटला आणि खाली मिठाचा जाड थर ठेवून गेला, काही जागी हजार मीटरहूनही जाड. त्यावर वाळू आणि गाळ साचत गेला, त्याचा दगड झाला. मीठ एवढं ओझं सोसत नाही. तळहाताने कणकेचा गोळा दाबला की ती बोटांच्या फटींतून वर येते, तसं मीठ जिथे दाब कमी तिकडे सरकलं आणि वरच्या खडकाला फुगवटा आला. फुगवट्यावर समांतर भेगा पडल्या. पुढे पाण्याने खालचं मीठ विरघळवलं, मधला भाग खचून खोरं झालं, आणि दोन्ही कडांना भेगांमधल्या खडकाच्या उभ्या, अरुंद भिंती राहिल्या. पाणी या भिंतींत झिरपतं, वाळूचे कण धरून ठेवणारा चुना विरघळवतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि कपचे उडवतं. भिंत आरपार पोखरली गेली की झाली कमान. श्रेय बहुतेक जण वाऱ्याला देतात, पण कोरायचं काम मुख्यतः पाण्याचं. वाळवंटात, तेही एवढ्याशा पाण्याचं.

चालणाऱ्याच्या कामाचा मुद्दा असा की भिंतींच्या मधल्या बोळांत सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर चांगली सावली असते. जिथे भिंती संपून उघडा गुळगुळीत खडक लागतो, तिथे दिवसभर डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेला दगड. या पार्कमधली सगळ्यात प्रसिद्ध वाट नेमकी अशाच उघड्या खडकावरून जाते.

(दृश्य: वुल्फ रँचची लाकडी झोपडी. मग उघड्या उतरणीवरून वर सरकणारी माणसांची रांग.)

डेलिकेट आर्च. युटातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर झळकणारी कमान. जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटर, दीडशे मीटरच्या आसपास चढ. राजगड-तोरणा चालणारा ट्रेकर हे आकडे ऐकून हसेल. जुलैत दुपारी दोन वाजता निघाला, तर अर्ध्या वाटेत हसू मावळेल.

वाट सुरू होते ती जॉन वेस्ली वुल्फ यांच्या घरापासून. अमेरिकी यादवी युद्धात लढलेला हा माणूस १८९८ मध्ये मुलाला घेऊन इथे आला आणि गुरं पाळून राहिला. आज दिसते ती खोली १९०६ ची. मुलगी राहायला आली, तेव्हा बरं घर हवं म्हणून बांधलेली. १९१० मध्ये सगळे निघून गेले. इथे दहा-बारा वर्षं काढणं म्हणजे काय, ते दोन तास चालल्यावर आपोआप समजतं. पुढे पूल ओलांडला की डाव्या हाताच्या कातळावर इथल्या मूळ रहिवासी यूट लोकांनी कोरलेले घोडेस्वार आहेत. पाच मिनिटांचं वळण आहे, ते घ्याच. परतताना पाय दुखतात आणि ते राहून जातं.

मग येतो उघडा खडक. पायवाट दिसत नाही, एकावर एक रचलेल्या दगडांच्या छोट्या चळती वाट दाखवतात. हौस म्हणून स्वतःच्या चळती रचू नका, मागून येणारा तुमच्या मागे भलतीकडे जाईल. कोरड्या वाळूखडकावर बूट छान धरतो, आपल्या शेवाळलेल्या बसॉल्टपेक्षा कितीतरी चांगला. शेवटचे दोनेकशे मीटर खडकात काढलेल्या धारेवरून जायचं, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. कमान अजिबात दिसत नाही. वळण संपतं आणि ती एकदम समोर उभी राहते, मागे ला साल पर्वतरांग, मे महिन्यातही शिखरांवर बर्फ.

सूर्यास्ताला इथे जत्रा असते. कमानीखाली फोटो काढायला रांग लागते, आणि कुणी तिथे जरा जास्त रेंगाळलं की पन्नास माणसं ओरडतात. रंग मात्र संध्याकाळीच खुलतो. संध्याकाळ निवडलीत तर डोक्याला बांधायचा टॉर्च हवाच, अंधारात त्या चळती दिसत नाहीत. आम्हाला विचाराल तर पहाटे जा. रंग थोडा कमी, शांतता पुष्कळ. हिवाळ्यात त्या धारेवर बर्फ गोठतं, तेव्हा बुटांना खिळ्यांचे पट्टे लावल्याशिवाय जाऊ नका.

(दृश्य: विंडोज भाग. डबल आर्चखाली ठिपक्यांएवढी माणसं.)

आई-बाबा भारतातून आलेत, जून-जुलैचीच सुट्टी मिळालीय, गुडघे कुरकुरतात. साल्ट लेक सिटीहून किंवा डेन्व्हरहून गाडी घेऊन येणाऱ्या मराठी घरांत हे नेहमीचं. त्यांना डेलिकेटच्या चढावर नेऊ नका. डबल आर्च गाडीतळापासून अर्धा किलोमीटरसुद्धा नाही, वाट सपाट, आणि एकाच बुंध्यातून निघालेल्या दोन कमानी, थोरलीची उंची ३४ मीटर. ही कमान बाजूने झिरपून झालेली नाही, वरच्या खळग्यात साचलेल्या पाण्याने ती वरून खाली पोखरली. समोरच विंडोजच्या कमानींना दीड किलोमीटरचा फेरा आहे. डेलिकेट आर्चही लांबून दिसते, खालचा व्ह्यूपॉइंट गाडीतळापासून शंभरेक मीटरवर आहे. कमान तिथून अंगठ्याएवढी दिसते, हे आधीच सांगून ठेवा.

लहान मुलं असतील तर सँड ड्यून आर्च. दोन उंच भिंतींमध्ये मऊ वाळू, बराच वेळ सावली. मुलं तिथून हलत नाहीत.

पार्क ॲव्हेन्यू ही उतरती वाट, दीड किलोमीटरची. एकाने गाडी खालच्या टोकाला न्यायची, बाकीच्यांनी चालत उतरायचं, म्हणजे परतीचा चढ टळतो.

(दृश्य: डेव्हिल्स गार्डन. भिंतींच्या मधून जाणारी वाट. मग लँडस्केप आर्च.)

पण अख्खा दिवस हाताशी असेल आणि पाय भक्कम असतील, तर आमची निवड डेव्हिल्स गार्डन. इथे किती चालायचं ते वाटेतही ठरवता येतं. पहिला टप्पा लँडस्केप आर्चपर्यंत, जाऊन-येऊन तीन किलोमीटर, खडी घातलेली वाट. ही उत्तर अमेरिकेतली सर्वांत लांब नैसर्गिक कमान, टोकापासून टोकापर्यंत नव्वद मीटरच्या आसपास, आणि मध्ये इतकी बारीक की ती अजून उभी कशी, असंच वाटतं.

१ सप्टेंबर १९९१ रोजी तिच्या पोटातून १८ मीटर लांबीचा दगडाचा तुकडा सुटून पडला. खाली लोक बसले होते. वर कडकड आवाज झाला म्हणून ते पळाले आणि वाचले. तेव्हापासून कमानीखालची वाट बंद आहे. थोडं पुढे वॉल आर्च होती, अगदी वाटेवर. ४ ऑगस्ट २००८ च्या रात्री ती पूर्ण कोसळली. रात्रीची वेळ, कुणाला काही झालं नाही. कमानीखाली बसून डबा उघडण्याचा मोह होतो, तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

लँडस्केपनंतर वाट बदलते. भिंतीच्या पाठीवर चढून, दोन्ही बाजूंना दरी असलेल्या दगडावरून डबल ओ आर्च गाठायची. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी लँडस्केपहून परतावं, त्यात काही कमीपणा नाही. वाटेत नवाहो आर्चचा फाटा येतो. आत खडकाचा आडोसा आणि सावली आहे. पाणी पिऊन, मीठ लावलेले दाणे खाऊन दम घ्यायला या वाटेवर याहून चांगली जागा नाही. तिथून पुढे मागच्या बाजूने येणारी कच्ची वाट धरली, तर पूर्ण फेरा साडेबारा किलोमीटरच्या वर जातो. खडक ओला असेल किंवा बर्फ असेल, तर त्या वाटेला जाऊच नका. जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारी विजांसह पाऊस येतो, आणि भिंतीच्या पाठीवर उभं असताना वीज चमकली तर लपायला जागा नसते.

फायरी फर्नेसबद्दल थोडक्यात. नाव भट्टीचं असलं तरी आत भरपूर सावली. भिंतींचा चक्रव्यूह आहे आणि उंच खडकांमध्ये फोनचा जीपीएस भरवशाचा राहत नाही. म्हणून आगाऊ परवाना काढावा लागतो किंवा रेंजरबरोबर जावं लागतं. जमत असेल तर रेंजरबरोबरच जा.

(दृश्य: पायवाटेच्या कडेला काळपट, खडबडीत माती.)

वाट कुठलीही असो, पाऊल वाटेवर किंवा उघड्या दगडावरच ठेवायचं. वाटेकडेची ही काळी, फुगीर माती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफुलाच्या जातभाईंनी वाळूचे कण बांधून ठेवलेत, म्हणून ही जमीन उडून जात नाही. फोटोसाठी टाकलेलं एक पाऊल भरून यायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात.

(दृश्य: धुळीचा रस्ता. क्लोंडाइक ब्लफ्स.)

गर्दीचा कंटाळा आला असेल तर क्लोंडाइक ब्लफ्समधली टॉवर आर्च. अलेक्झांडर रिंगहोफर नावाच्या खनिज शोधणाऱ्या माणसाने १९२२ मध्ये हा भाग पाहिला आणि तो दाखवायला रेल्वे कंपनीच्या अधिकाऱ्यांना घेऊन आला. प्रवासी मिळतील म्हणून कंपनीला रस वाटला. त्यातून सुरू झालेल्या खटपटीने १९२९ मध्ये या प्रदेशाला नॅशनल मॉन्युमेंटचा दर्जा मिळाला, १९७१ मध्ये नॅशनल पार्कचा. डेव्हिल्स गार्डन हे नाव रिंगहोफरने खरं तर इथल्या खडकांना दिलं होतं, कागदोपत्री ते दुसऱ्याच जागेला चिकटलं. सुरुवातीला छातीवरचा चढ आणि पुढे वाळूत रुतणारे पाय सोडले, तर चाल फार नाही. रस्ता मात्र कच्चा आहे, पाऊस झाला की गाड्या अडकतात. निघण्यापूर्वी व्हिजिटर सेंटरला विचारा.

आणि फाटकावरूनच परत फिरावं लागलं तर? मोआबच्या आसपास पार्कबाहेरही कमानी आहेत. पोटॅश रोडवरची कोरोना आर्च बघायला तिकीट लागत नाही. रेल्वेचे रूळ ओलांडायचे, लोखंडी दोर धरून चढायचं, एक छोटी शिडी, आणि समोर ४३ मीटरची कमान. सावली जवळजवळ नाही, तेव्हा तीही सकाळीच.

भर उन्हाळ्यात आलात तर ग्रँडस्टाफ कॅन्यन. १८७० च्या दशकात इथे गुरं चारणाऱ्या विल्यम ग्रँडस्टाफ या कृष्णवर्णीय गुराख्याचं नाव या घळीला आहे. जाऊन-येऊन सातेक किलोमीटर, बरोबरीने वाहता ओढा, तो पुन्हा पुन्हा ओलांडायचा, म्हणून बूट भिजणार हे गृहीत धरा. पार्कमधल्या ट्रेल्सवर कुत्र्यांना बंदी आहे, इथे नाही. शेवटी कड्याला चिकटून ७४ मीटर लांबीचा नैसर्गिक पूल आणि त्याखाली गार सावली. त्या सावलीत पॉयझन आयव्हीही माजते, तीन-तीन चकचकीत पानांची. अंगाला लागली की खाज आणि फोड. फोटोसाठी भिंतीला टेकण्याआधी मागे काय उगवलंय ते बघून घ्या.