आखाताच्या पेटीतून न आलेली गोष्ट

(दृश्य: फोंडा तालुक्यातलं जुनं घर. बाहेर पाऊस. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला, सुपाऱ्यांचे घोस बांधणं चाललंय.)

चवथीला गोव्यात दोन गोष्टी घरी येतात. एक माटोळीचं सामान आणि दुसरा गल्फातला माणूस. पूर्वी तो आला की आधी त्याची पेटी उघडायची. निडोचा डबा, टँग, अत्तराची बाटली आणि ते जाड, फुलाफुलांचं ब्लँकेट. गोव्याच्या हवेत ते कुणी कधी अंगावर घेतलं असेल असं वाटत नाही, पण कपाटात असायचंच.

दुबई, शारजा, अबू धाबी ही नावं आपण म्हापसा-मडगावसारखी घेतो. तिथून येणाऱ्या गोष्टी मात्र ठरलेल्या: पगार किती, व्हिसा कधीपर्यंत, एका खोलीत राहतात किती जण. आजची गोष्ट त्याच आखातातून सुरू होते. ती कुठल्याच पेटीतून इथवर आली नाही.

(दृश्य: देवयानी दीर्घिकेचं छायाचित्र, हळूहळू जवळ येतं.)

बारा वर्षांच्या एका मुलीने देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच अब्जावधी ताऱ्यांच्या एका समूहाचा, हा फोटो पाहिला. अंतर पंचवीस लाख प्रकाशवर्षं. मुलीचं नाव सारा अल अमिरी, जन्म १९८७ चा. फोटो डोक्यात बसला, पण त्याचं करायचं काय? तिच्या देशात, संयुक्त अरब अमिरातीत, तेव्हा अवकाश संस्थाच नव्हती. मग तिने तेच केलं, जे फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात येणाऱ्या कितीतरी मुली करतात. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. २००८ मध्ये शारजाच्या अमेरिकन विद्यापीठाची पदवी हातात आली.

पुढे नोकरी लागली ती सरकारी. हे ऐकून इथे कुणी म्हणेल, चला, सुटली एकदाची! आपल्याकडे सरकारी नोकरी लागली की शिकणं संपलं असं धरतात. इथे ते तिथून पुढे सुरू झालं.

दुबईतल्या एका सरकारी विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत सारा अल अमिरी उपग्रहांच्या कामावर आल्या. दुबईसॅट-१ हा उपग्रह २००९ मध्ये बैकानूरहून सुटला. तो बांधला होता दक्षिण कोरियाच्या कंपनीबरोबर. अमिराती इंजिनिअर तिकडे जाऊन राहिले, शेजारी बसून शिकले. दुसऱ्या उपग्रहात त्यांचा वाटा वाढला. तिसरा, खलिफासॅट, दुबईतच बांधला गेला आणि २०१८ मध्ये वर गेला. सुताराकडे उमेदवारी करतात ना, तसंच. आधी रंधा धरायचा, मग खुर्ची करायची.

(दृश्य: वाळवंट. वर काळं आकाश, लालसर ठिपका.)

२०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने अवकाश संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी मंगळावर यान पाठवायचं जाहीर केलं. मुदत देशाच्या पन्नासाव्या वर्षाची, म्हणजे २०२१. अटही अशी, की तयार यान विकत घ्यायचं नाही, आपल्या माणसांनी ते बांधायला शिकायचं. सारा अल अमिरी या मोहिमेच्या उपप्रकल्प व्यवस्थापक झाल्या आणि विज्ञान विभागाच्या प्रमुखही. देशात ग्रहांचे शास्त्रज्ञ जवळपास नव्हतेच. ते इंजिनिअरांमधूनच घडवायचे होते.

लोक म्हणतात, पैसा होता म्हणून जमलं. यान तर अमेरिकेत, कोलोरॅडो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जोडलं आणि रॉकेट जपानचं. हे सगळं खरं आहे. पण पैशाने यान मिळतं, ते चालवणारी माणसं मिळत नाहीत. या मोहिमेच्या विज्ञान गटात सुमारे ८० टक्के स्त्रिया होत्या, पूर्ण चमूत ३४ टक्के.

या यानाचं नाव होप, अरबीत अल-अमल, म्हणजे आशा. त्याने शोधायचं काय? इथे जरा थांबू, कारण पुष्कळदा बातम्यांमध्ये झेंडा दिसतो आणि प्रश्न राहून जातो. समजा, पणजीचं हवामान कुणी रोज फक्त दुपारी दोन वाजता पाहून लिहिलं. सकाळचं मांडवीवरचं धुकं त्याच्या वहीत कधी येईल का? मंगळाभोवतीच्या आधीच्या बऱ्याच यानांचं असंच होतं. एखाद्या जागेवरून ती ठरावीक वेळीच जायची. होपची कक्षा म्हणून मुद्दाम मोठी ठेवली, सुमारे २०,००० ते ४३,००० किलोमीटर. म्हणजे मंगळावरची सकाळ, दुपार, रात्र, सगळे ऋतू दिसणार. शिवाय तिथला हायड्रोजन आणि ऑक्सिजन अवकाशात निसटतो कसा, हेही पाहायचं होतं.

(दृश्य: रिकामा विमानतळ. २०२०.)

आणि नेमका कोविड आला. त्या एप्रिलमध्ये कितीतरी गोंयकार आखातात अडकले होते. विमानं बंद आणि इथे घरचे फोनला चिकटलेले. त्याच एप्रिलमध्ये दुबईहून एका मालवाहू विमानाने होप जपानला गेलं, ठरल्यापेक्षा आधीच. बरोबर गेलेल्या इंजिनिअरांना तिथे विलगीकरणात राहावं लागलं. हवामानामुळे उड्डाण पुढे ढकललं गेलं. शेवटी २० जुलैला आपल्याकडे पहाटेचे साडेतीन होत होते, तेव्हा तानेगाशिमा बेटावरून रॉकेट सुटलं.

यान वाटेत असतानाच, ऑगस्ट २०२० मध्ये, सारा अल अमिरी अवकाश संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. वय तेहतीसच्या आसपास. प्रगत विज्ञानाचं राज्यमंत्रिपद २०१७ पासून होतंच.

(दृश्य: नियंत्रण कक्ष. आवाज बंद. फक्त घड्याळ.)

९ फेब्रुवारी २०२१. रात्री नऊच्या सुमारास गोव्याच्या पश्चिम आकाशात मंगळ मेष राशीत दिसत होता, नुसत्या डोळ्यांनी. तिथे त्या घटकेला होपची सहा इंजिनं पेटायची होती, सलग २७ मिनिटं. वेग ताशी १,२१,००० किलोमीटरवरून १८,००० वर आणायचा, निम्मं इंधन त्यातच संपणार. कमी पेटली तर यान मंगळाला ओलांडून जाणार, जास्त पेटली तर आदळणार. पृथ्वीवरून काही करायची सोय नाही, कारण संदेश पोचायला ११ मिनिटं. यानाने करायचं ते आधीच त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलेलं. संस्थेची अध्यक्ष असो की नवा इंजिनिअर, दोघांच्या हाती सारखंच, वाट पाहणं.

संदेश आला. होप कक्षेत होतं. पहिल्याच प्रयत्नात मंगळ गाठणाऱ्यांत भारतही आहे, २०१४ च्या मंगळयानामुळे. दुसऱ्या दिवशी चीनचं यान पोचलं, अठरा तारखेला अमेरिकेचं उतरलं.

(दृश्य: पणजी, जुंता हाउसची गच्ची. दुर्बिणीवर ताडपत्री. पाऊस.)

आपल्या इस्रोत चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता होत्या, मोहीम संचालक रितू करिधाल. इस्रोच्या अध्यक्षपदावर मात्र आजवर एकही स्त्री आलेली नाही. शेजारच्या आखातात ते २०२० मध्ये घडून गेलं. ज्या देशाकडे आपण ब्लँकेटसाठी बघायचो, त्या देशात.

२०२४ मध्ये सारा अल अमिरी देशाच्या शिक्षणमंत्री झाल्या. होपला मंगळाभोवती एक फेरी घालायला सुमारे ५५ तास लागतात. सोमवारी सकाळी नऊला फर्मागुडीची घाटी चढणारी मुलगी बुधवारी चारला शेवटचं लेक्चर आटपून कदंबाच्या बसची वाट पाहत उभी राहीपर्यंत, एक फेरी.